ही माणसे आपली कोण लागतात?

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

परवा मंडळाचा कार्यक्रम आटोपल्यावर खुर्च्या आवरताना तू विचारलेस, "बाबा, ही माणसे आपली कोण लागतात? मग आपणच का थांबायचे?" गाडीत मला नीट उत्तर देता आले नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

आपल्याकडे गावात इर्जिक नावाची रीत होती. एखाद्या घरी आजारपण आले आणि पेरणी मागे पडली, तर गावातले शेतकरी आपापली औते घेऊन त्याच्या रानात उतरत, दिवसभरात काम उरकत आणि मजुरी न घेता त्याच्याकडे जेवून घरी जात. मात्र त्याच गावांत दलितांना पाणवठ्यावर येऊ दिले जात नव्हते आणि १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, हेही तुला ठाऊक असले पाहिजे. 'आपली माणसे' हा शब्द उच्चारताना कोण बाहेर राहिले ते आधी पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मला सर्वांत जवळची वाटते ती आळंदीहून निघणाऱ्या पालखीची समाजआरती. संध्याकाळी तळावर साऱ्या दिंड्या टाळ वाजवत पालखीभोवती उभ्या राहतात. चोपदार हातातला चोप, म्हणजे मानाचा दंड, उंचावून "हो" अशी आरोळी देतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्यापाशी जाऊन म्हणणे ऐकून घेतो, हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या जातात आणि मगच आरती होते. दिवसभर चालून पाय भरून आलेले असतानाही बाकीचे सारे गप्प उभे राहतात, म्हणून त्या एका दिंडीचा टाळ ऐकू येतो. कोणाचे तरी ऐकू यावे म्हणून असे थांबणे हे प्रत्येकाचे स्वतःचे काम असते. ते चोपदारावर सोपवता येत नाही.

तू जन्मलीस तेव्हा आमचे इथे कोणीच नव्हते. मंडळातल्या एक काकू बर्फातून बारा दिवस रोज डबा घेऊन आल्या; डबा दारात ठेवून, हात शेकून घेऊन मगच त्या तुला उचलून घ्यायच्या. त्या आपल्या कोणी लागत नव्हत्या. परवा तू शेवटी उचललेली खुर्ची त्यांची होती.

तुझा,
बाबा