बोरस्कोप हा शब्द कुठून आला? बोरस्कोप की बोरोस्कोप?

बरोबर शब्द बोरस्कोप. इंजिनाचा सिलिंडर, बंदुकीची नळी, टर्बाइन अशा बंद पोकळीत अरुंद भोकातून डोकावायचं हे उपकरण.

त्यातला 'बोर' जुन्या इंग्रजीतल्या 'बोरियन' म्हणजे भोक पाडणे या क्रियापदातून आला. पुढे छिद्र पाडून झालेल्या पोकळीला आणि तिच्या व्यासालाही बोर म्हणू लागले. बोअरवेलमधला बोअर तोच. 'स्कोप' ग्रीक 'स्कोपेइन'वरून, म्हणजे निरखून पाहणे. थोडक्यात, अर्धा इंग्रजी, अर्धा ग्रीक असा हा संकर आहे.

मधला 'ओ' घुसतो तो स्टेथोस्कोपच्या सवयीने. तिथे 'स्टेथॉस' (छाती) हे ग्रीक पद आहे आणि ग्रीक समासात दोन पदं सांधायला 'ओ' येतो. बोर ग्रीक नाही, त्यामुळे त्याला या सांध्याची गरजच नाही. तरीही विक्रेत्यांच्या याद्यांत बोरोस्कोप सर्रास दिसतं, म्हणून शोधताना दोन्ही रूपं टाकून पाहा.

एंडोस्कोपमधला 'एंडो' मात्र ग्रीकच: 'एंडॉन' म्हणजे आत. वैद्यकात तो रुळला, यंत्रांच्या तपासणीत बोरस्कोप. पण स्वस्त केबल-कॅमेऱ्यांवर दोन्ही नावं छापलेली असतात, तेव्हा नावापेक्षा टोकाचा व्यास तुमच्या भोकापेक्षा कमी आहे ना, ते बघा.