अफगाणी बेदाणा, साफ्टा करार आणि शीतगृहातला आपला माल

प्रश्न (तासगाव तालुका): अफगाणिस्तानचा बेदाणा बाजारात आला की सौद्यात आमचा दर पडतो. परदेशी मालाला शुल्क असतं ना, मग तो स्वस्त कसा? शीतगृहातला माल आता काढावा का?

उत्तर: शुल्क आहे, पण सगळ्यांना नाही. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा ‘साफ्टा’ हा मुक्त व्यापार करार १ जानेवारी २००६ पासून लागू आहे. अफगाणिस्तान सार्कमध्ये २००७ साली आला. तो अल्पविकसित देशांत मोडतो, आणि अशा देशांचा माल भारताने २०११ मध्ये मद्य-तंबाखूच्या २५ बाबी सोडून शून्य शुल्कात खुला केला. बेदाणा त्यातच आला. चीनच्या बेदाण्याला मात्र शुल्क भरावं लागतं. मेख इथेच आहे. एका वाटेने शुल्क आणि दुसऱ्या वाटेने माफी असली, की माल माफीच्या वाटेकडे वळतो. चीनचा बेदाणा अफगाणी म्हणून येतो, ही आपल्या बागायतदारांची तक्रार त्यातूनच उठली आहे.

नुसती पेटी बदलून चिनी माल अफगाणी होत नाही. २१ सप्टेंबर २०२० पासूनच्या सीमाशुल्क नियमांनुसार फक्त उगमाचं प्रमाणपत्र दाखवून भागत नाही. माल खरोखर तिथलाच आहे याची माहिती आयातदाराला जवळ ठेवावी लागते, विचारली तर द्यावी लागते. म्हणून संशयित माल दिसला तर पेटीवरच्या लेबलचा फोटो, तारीख आणि बाजाराचं नाव टिपून ठेवा आणि संघटनेमार्फत सीमाशुल्क खात्याकडे लेखी द्या. तोंडी ओरड कितीही खरी असली तरी तिच्यावर चौकशी लागत नाही, हे मी कळकळीने सांगतो.

निर्यातीकडेही बघा. बांगलादेश याच करारात आहे, तरी आपल्या द्राक्षांवर शुल्क घेतो, कारण ज्या मालाला सवलत द्यायची नाही त्याची यादी प्रत्येक देशाला ठेवता येते. त्यामुळे करार झाला म्हणून निर्यात वाढेल, असं धरून बाग वाढवू नका.

आता शीतगृहाचं. दर कधी चढेल हे मी सांगू शकत नाही. पण काळपट, बारीक मण्यांचा माल आधी काढा. ठेवून त्याची प्रत सुधारत नाही, भाडं मात्र चढतं. कर्जाचं व्याज भागेल एवढा मालही विका. हिरवा, एकसारख्या मण्यांचा माल गणपती-दिवाळीच्या मागणीसाठी ठेवायला हरकत नाही. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्या मालालाच लावता येतं. त्याचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नाव नोंदवलं नसेल तर अर्जाच्या कागदांसाठी सातबारा घेऊन आमच्या कार्यालयात या.