कायोटी ४०० यार्डांवर थबकतो, तर रायफल बदलू की जागा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम टेक्सासच्या कुरणात इलेक्ट्रॉनिक कॉलर (सशाच्या किंकाळीसारखे आवाज वाजवून जनावराला बोलावणारा स्पीकर) पायाशी ठेवून बसता. हातात .२२३ रेमिंग्टन ही हलक्या गोळीची रायफल आहे. कायोटी (अमेरिकेतला कोल्ह्यासारखा प्राणी) ३५०-४०० यार्डांवर येतो, थांबतो, बाजूला वळतो आणि दिसेनासा होतो. मग जड गोळीची ६.५ क्रीडमूर घ्यावी का?

आत्ता नको. आधी आकडे पाहा. दोन्ही रायफली २०० यार्डांवर झिरो केल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशा लावल्या, तर ५५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) .२२३ गोळी ४०० यार्डांवर सुमारे १८ इंच खाली येते. १४० ग्रेनची ६.५ तेवढीच, किंबहुना किंचित जास्तच. तिथे पोहोचायला दोघींनाही साधारण अर्धा सेकंद लागतो. फरक पडतो तो वाऱ्यात. ताशी १० मैलांचा आडवा वारा .२२३ ला सुमारे २० इंच ढकलतो आणि ६.५ ला १० इंच. हा फायदा खरा आहे, पण कायोटीच्या छातीचा उपयोगी भाग जेमतेम ५-६ इंचांचा. वाऱ्याचा अंदाज ४ मैलांनी चुकला तर ६.५ सुद्धा ४ इंच बाजूला जाते, म्हणजे जनावर जखमी. शिवाय तो नुसता चालत असला तरी त्या अर्ध्या सेकंदात दोन फूट पुढे सरकलेला असतो. जड गोळी याला काहीच करू शकत नाही.

तुमची खरी अडचण वेगळी आहे. कायोटी आवाजाच्या दिशेने सरळ येत नाही. तो वळसा घालून आवाजाच्या वाऱ्याखाली, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूला, जातो आणि वास घेऊन खात्री करतो. कॉलर पायाशी असेल तर त्या वळशात त्याला सशाच्या जागी तुमचाच वास मिळतो. उघड्या जागेत तो आणखी आधी थबकतो, कारण आवाज जिथून येतोय तिथे ससाही दिसत नाही आणि तो लपेल असं झुडूपही नाही.

म्हणून कॉलर तुमच्यापासून ५० ते ८० यार्डांवर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला किंवा आडव्या बाजूला, एखाद्या मेस्कीटच्या झुडपाशी ठेवा. उजवीकडून डावीकडे वारा असेल तर कॉलर उजवीकडे पुढे, आणि तुमच्या डावीकडची वाऱ्याखालची पट्टी निदान २०० यार्ड मोकळी दिसायला हवी. कायोटी त्याच पट्टीकडे झुकतो. तुमचा वास लागण्याआधी तो नळीसमोरून जाईल अशी बैठक जमवायची, बाकी सगळं दुय्यम. जिथे ही पट्टी घळीत किंवा दाट झाडीत जाते ती जागा कितीही छान वाटली तरी सोडून द्या. गाडी टेकाडामागे ठेवा, दार आपटू नका, वारा तोंडावर घेत चाला, माथ्यावरून आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसू नका. सूर्य पाठीशी, अंग सावलीत.

आवाज सुरुवातीला हळू ठेवा, कारण कायोटी कधी कधी १०० यार्डांवरच झोपलेला असतो. दोन-तीन मिनिटांनी वाढवा. १५-२० मिनिटं पुरतात. मग अर्धा-एक मैल पुढे सरका. तो थबकला की बहुतेक जण आवाज वाढवतात, आणि तिथेच तो बिथरतो. उलट आवाज कमी करा, उंदराच्या चिरचिरीवर या, किंवा पूर्ण गप्प राहून दोन मिनिटं थांबा. आव्हान देणारी आरोळी तर वाजवूच नका. कमजोर किंवा तरुण कायोटी ती ऐकून काढता पाय घेतो. चालत्याला थांबवायला तोंडाने एक छोटी ‘वूफ’ पुरते, पण ती नेम धरून झाल्यावर.

ऋतूप्रमाणे आवाज बदलतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरात घरटोळीतून बाहेर पडलेली तरुण पिल्लं सशाच्या किंकाळीला सहज येतात. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जमतात, तेव्हा मादीची साधी आरोळी चालते. एप्रिल-मेपासून बिळात पिल्लं असतात. पिल्लाच्या रडण्याला तेव्हा आईबाप धावत येतात हे खरं, पण वासरं-कोकरं मारली जात असल्याशिवाय त्या काळात बसू नये असं माझं ठाम मत आहे. मादी पडली की पिल्लं बिळात उपाशी मरतात.

आता .२२३ बद्दल. १०० यार्डांवर दीड इंच वर लावा; २०० वर झिरो येतो आणि २५० पर्यंत सरळ छातीवर नेम धरता येतो. वाऱ्यात तुमची मर्यादा तीच समजा. बसल्याबसल्या रेंजफाइंडरने दोन-तीन झुडपांचं अंतर मोजून ठेवा, जनावर आल्यावर मोजायला वेळ नसतो. स्कोप ४ ते ६ पटीवर ठेवा. १८ पटीवर जवळ आलेला कायोटी सापडतच नाही. रायफलीचा आखूड दोन पायांचा टेकू (बायपॉड) गवतात बुडतो, बसून मारायला उंच ट्रायपॉड बरा. जनावराच्या मागे गोळी अडवणारा मातीचा उतार नसेल तर चाप ओढायचा नाही. पुढे कधी पल्ला वाढवायचा झालाच तर .२२-२५० किंवा ६ मिमी क्रीडमूर पाहा. धक्का ६.५ पेक्षा कमी, त्यामुळे गोळी कुठे लागली ते स्कोपमधून स्वतःला दिसतं.

कागदपत्रांचं मात्र हलक्यात घेऊ नका. टेक्सासात कायोटीला बंद हंगाम नाही, पण शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची परवानगी लागते. २ सप्टेंबर १९७१ किंवा नंतर जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनही. एच-१बी किंवा एफ-१ व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई आहे. एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. मित्राची रायफल हातात घेतली तरी हाच नियम. टेक्सासचा वार्षिक परवाना ३१ ऑगस्टला संपतो, त्यामुळे नवा त्याआधी घ्या आणि रायफलसोबत ठेवा. भारतात गेल्यावर कोल्ह्यावर हे कॉल वाजवून पाहू नका, तो १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे.

मेलेल्या जनावराला हातमोज्यांशिवाय हात लावू नका. रेबीज आणि खरूज दोन्ही असू शकतात. त्याआधी दुरूनच एक मिनिट पाहा, हालचाल पूर्ण थांबली आहे ना.