काचेवर हलणारे ते पांढरे ठिपके

आपण विचारले आहे की, तीन आठवड्यांपूर्वी मांडलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत काचेवर हलणारे पांढरे ठिपके आणि दगडावर चिकटलेल्या पांढऱ्या वेटोळ्या दिसू लागल्या आहेत, ते प्राणी कोणते, त्यांना काढावे का, आणि मासे कधी सोडावेत. तुटक उड्या घेत सरकणारे, जेमतेम मिलिमीटरभर ठिपके म्हणजे कोपेपॉड, कोळंबीच्या जातकुळीतले सूक्ष्म जीव. वेटोळ्या म्हणजे स्पायरॉर्बिस, नळीत राहून पाण्यातले कण गाळून खाणारे कृमी. दोन्ही निरुपद्रवी आहेत आणि दोघांनाही राहू द्यावे.

एवढ्या लहान जिवांची ओळख फोटोवरून मागू नये, असे माझे ठाम मत आहे. ती चालीवरून पटते. ॲम्फिपॉड या त्याच जातकुळीतल्या जिवाचे शरीर दोन्ही बाजूंनी दाबलेले असल्यामुळे तो आडोसा सुटताच कुशीवर पोहतो, त्याचाच भाऊबंद आयसोपॉड वरून चपटा असतो आणि पायांनी रांगतो, तर चपटा कृमी पाय नसताना काचेवरून संथ घसरत जातो. दिवे मालवल्यावर तासाभराने, टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावून पाहिल्यास दिवसा दगडांत दडलेली मंडळी बाहेर आलेली दिसतात.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण माझ्या घरातले आहे. सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या घरी मी पहिली खारी टाकी मांडली, तेव्हा कोथरूडच्या एका परिचितांकडून त्यांच्या जुन्या टाकीतले काही दगड आणले होते आणि त्यांच्यासोबत हे सारे जीव आले. माझ्या भावोजींनी अनेक वर्षे गोड्या पाण्यात डिस्कस मासे वाढवले आहेत, त्यामुळे या विषयात घरात त्यांचाच शब्द अखेरचा मानला जाई. काच पाहताच त्यांनी "पाण्यात किडे पडले" असे जाहीर केले, ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला, आणि त्या दुकानदाराने काहीही न पाहता तांबे असलेले औषध सुचवले. मी म्हणाले, "भावोजी, मारायचेच असेल तर आधी यांची नावे सांगा." त्यावर जेवणे लांबली आणि आवाज चढले. मी ड्रॉपरने थोडे पाणी पांढऱ्या बशीत घेतले आणि भिंग पुढे केले. ताई कितीतरी वेळ त्या बशीवर वाकून बसली, कोपेपॉडच्या मागे लोंबणाऱ्या अंड्यांच्या पिशव्या तिने स्वतः शोधून काढल्या, पण भावोजींनी एकदाही भिंगाला डोळा लावला नाही. पुढे प्रत्येक सणावारी, चार पाहुण्यांसमोर, "हिच्या टाकीत किडे आहेत" हे वाक्य मला ऐकावे लागले, आणि ते मला आजही सहन होत नाही.

गोड्या पाण्याचा अनुभव येथे जसाच्या तसा लागू होत नाही. माशांना झेपणारी तांब्याची मात्रा कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ आणि हे सर्व सूक्ष्म जीव यांच्यासाठी घातक असते. शिवाय चुनखडीचे दगड आणि वाळू तांबे धरून ठेवतात आणि नंतर पाण्यात सोडत राहतात. एकाच वेळी मेलेले असंख्य जीव कुजले की अमोनिया वाढतो तो वेगळाच. उलट जिवंत कोपेपॉड शेवाळ आणि सडके अवशेष खातात आणि मँडरिनसारख्या माशाचे तर ते मुख्य अन्न आहे. आपल्या घरीही कोणी अनुभवी वडीलधारे औषधाची बाटली घेऊन उभे असतील, तर त्यांना आधी त्या बाटलीवरची अपृष्ठवंशी प्राण्यांविषयीची सूचना मोठ्याने वाचायला सांगा.

अर्थात सगळेच पाहुणे सज्जन नसतात, हेही सांगितले पाहिजे. तपकिरी, पारदर्शक, लहानशा समुद्रफुलासारखा आयप्टेशिया दिसला तर तो खरवडू नये, कारण उरलेल्या तुकड्यातून नवा उगवतो. माशाच्या अंगाला चिकटलेला आयसोपॉड मात्र लगेच काढावा. दोन्ही कडांना केसांचे झुबके असलेल्या कृमीला उघड्या हाताने स्पर्श करू नये. ते केस कातडीत रुततात, एरवी तो कृमी उपयोगी सफाईवाला आहे. आणि असे जीव मिळावेत म्हणून कोकणच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लागलेले दगड उचलून आणू नयेत, कारण दगडी प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

मासे सोडण्याचे आठवड्यांवर ठरवू नका. पाण्यातले अमोनिया आणि नायट्राइट हे माशांना घातक पदार्थ दोन्ही शून्यावर येऊन तिथेच टिकले की पहिला मासा सोडा, आणि तो मँडरिन नसावा, कारण नव्या टाकीत त्याला पुरतील इतके कोपेपॉड नसतात.