पुनर्जन्मावरची, पण बघताक्षणी सगळं आठवणारी नाही, अशी प्रेमकथा कोणती वाचावी?

तुमची तक्रार अगदी पटली. पडका वाडा दिसतो, नायिकेचं डोकं गरगरतं आणि मागचा जन्म धडाधड आठवतो, असल्या कथा मीही ढिगानं वाचल्यात. तुम्हाला हवी तशी एक आहे, आणि गंमत म्हणजे तिच्याच नावावरून आपण मराठीत या अख्ख्या साहित्यप्रकाराला ‘कादंबरी’ म्हणतो. हर्षवर्धनाच्या दरबारातल्या बाणभट्टाची, सातव्या शतकातली ‘कादंबरी’.

बी.ए.ला संस्कृत होतं, तेव्हा आम्हाला त्यातला फक्त शुकनासोपदेश लावला होता. म्हातारा मंत्री तरुण राजपुत्राला लक्ष्मीच्या नादी लागू नकोस म्हणून पानंच्या पानं समजावतो, तो भाग. परीक्षेपुरता पाठ केला आणि समजूत करून घेतली की बाण म्हणजे लांबलचक समास. पुस्तकात प्रेमकथा आहे हे कळायला पुढे दहा वर्षं गेली.

(इथून पुढे कथा फुटणार आहे. चालत नसेल तर थांबा.)

विदिशेच्या शूद्रक राजाकडे एक चांडाळकन्या पिंजऱ्यातला पोपट घेऊन येते. पोपट राजाला गोष्ट सांगतो, त्या गोष्टीत जाबाली ऋषी गोष्ट सांगतात, आणि तिच्या पोटात महाश्वेता आपली कहाणी सांगते. ऐकत बसलेला राजाच त्या गोष्टीचा नायक असतो, पण बिचाऱ्याला पत्ता नसतो. मूळ कथासूत्र गुणाढ्याच्या ‘बृहत्कथा’ या जुन्या कथासंग्रहाच्या परंपरेतलं. गुणाढ्य सातवाहनांच्या पैठणचा अशी आख्यायिका आहे, म्हणजे धागा थोडा आपल्या गोदाकाठीही पोचतो.

नाव नायिकेचं, म्हणजे महाश्वेतेची मैत्रीण कादंबरी हिचं असलं तरी माझ्या मते पुस्तक महाश्वेतेचं आहे. अच्छोद सरोवरावर ती आईबरोबर स्नानाला आलेली असते. पुंडरीक नावाचा तरुण तपस्वी कानात पारिजाताची मंजिरी खोवून उभा. तो ती मंजिरी काढून हिच्या कानात घालतो, आणि तेवढ्यात त्याच्या हातातली जपमाळ सुटते, तरी त्याला कळत नाही. जमिनीवर पडायच्या आत ही ती झेलते आणि सरळ गळ्यात घालते. मग तो लटक्या रागानं माळ परत मागतो. ही माळेऐवजी स्वतःचा मोत्यांचा सर त्याच्या हातावर ठेवते, आणि तो तोच घेऊन निघून जातो! एवढ्याशा प्रसंगात दोघांचंही भान कसं गेलंय ते दिसतं. त्याच चांदण्या रात्री ती त्याला भेटायला निघते, पोचते तोवर विरहानं त्याचा जीव गेलेला असतो.

आता पुनर्जन्माची भानगड. मरताना पुंडरीक चंद्राला शाप देतो, की तूही जन्मोजन्मी असाच प्रेमात तळमळशील. चंद्र उलट शाप देतो, तूही माझ्याबरोबर भोगशील. शापात ‘जन्म’ शब्द दोनदा आला, म्हणून दोघांना जन्मही दोनदा घ्यावा लागतो! आपण वटपौर्णिमेला जन्मोजन्मी किती सहज म्हणतो, इथे मात्र व्याकरणाची पै न् पै वसूल होते.

चंद्र होतो उज्जयिनीचा राजपुत्र चंद्रापीड, आणि पुंडरीक त्याचा मित्र वैशंपायन. हा वैशंपायन एकदा त्याच सरोवरावर येतो आणि काहीतरी हरवल्यासारखा भटकत राहतो. काय हरवलंय ते त्यालाही सांगता येत नाही. महाश्वेता तिथेच, पुंडरीकाची वाट बघत तप करत बसलेली. हा तिच्या मागे लागतो. तिला तो कुणीतरी आगाऊ परका वाटतो, आणि ती शाप देते: पोपट हो. तो तिथल्या तिथे कोसळतो. ज्याच्यासाठी ती इतकी वर्षं बसली, त्यालाच तिनं हाकलून लावलं. तुम्हाला जे बघताक्षणी ओळखणं नको होतं, त्याच्या बरोब्बर उलटं हे. मी त्या पानावर पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणखी एक गोष्ट दुसऱ्या वाचनात लक्षात आली. मरतात आणि पुन्हा जन्मतात ते दोघे पुरुष. महाश्वेता आणि कादंबरी त्याच देहात, त्याच आठवणींसह मागे उरतात. मित्राची बातमी ऐकून चंद्रापीडाचं हृदय फुटतं (त्याचा पुढचा जन्म म्हणजे पोपटाची गोष्ट ऐकणारा शूद्रक), तेव्हा त्याच्यावर प्रेम करणारी कादंबरी त्याचा न कुजणारा देह रोज पूजत बसते. पुनर्जन्म एकाचा आणि जागरण दुसरीचं, असा हिशेब आहे. पुढे एका वसंतात ती त्या देहाला मिठी मारते आणि तो जागा होतो. शेवट गोडच आहे, काळजी नको.

हा शेवट बाणाचा नाही, बरं का. चंद्रापीडाची सेविका पत्रलेखा त्याला कादंबरीची अवस्था सांगत असताना मध्येच त्याचं लेखन तुटतं, आणि उरलेली कथा त्याच्या मुलानं पुरी केली. मुलाची भाषा आटोपशीर आहे, घटना भराभर घडतात. जाणकार नाकं मुरडतात, पण वैशंपायनाचा तो प्रसंग मुलाच्याच भागातला, त्यामुळे मी त्याच्या बाजूची.

मूळ संस्कृताच्या वाटेला एकदम जाऊ नका, मराठी अनुवाद घ्या. सुरुवातीची दरबाराची आणि विंध्याटवीची वर्णनं जड वाटली तर खुशाल पानं उलटा आणि थेट अच्छोद सरोवर गाठा. शुकनासाचा उपदेश तर नक्कीच गाळा. तो आम्ही तुमच्या वाटचा पाठ केलाय.