पोचेटिनो यांनी टॉटनहॅमला परत यावे का, यावर चाहते इतके दुभंगले का आहेत?

तुमचा प्रश्न असा आहे की, ज्या प्रशिक्षकाने साडेपाच वर्षांत एकही करंडक जिंकला नाही आणि ज्याला क्लबनेच काढून टाकले, त्या पोचेटिनो यांचे नाव टॉटनहॅम या लंडनच्या फुटबॉल क्लबचे प्रशिक्षकपद डळमळीत झाले की दर वेळी पुन्हा का निघते, आणि ते निघाले की एकाच संघाचे चाहते एकमेकांवर का तुटून पडतात. मी २०१५ पासून कोल्हापुरात बसून हा संघ पाहतो आहे. या वादात मी तटस्थ नाही, म्हणून माझी बाजू आधीच सांगतो: माउरिसियो पोचेटिनो यांनी परत यावे असे मला मनापासून वाटते. मात्र आमच्या बाजूचे बहुतेक लोक त्यासाठी जे कारण पुढे करतात ते मला पटत नाही, आणि विरोधकांच्या एका मुद्द्याला आमच्यापैकी कोणीही अजून सरळ उत्तर दिलेले नाही.

मे २०१४ मध्ये ते साउदॅम्प्टन क्लबमधून टॉटनहॅमला आले. त्यानंतरच्या पाच पूर्ण हंगामांत संघ प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, अनुक्रमे पाचवा, तिसरा, दुसरा, तिसरा आणि चौथा आला; २०१६-१७ मध्ये तर ८६ गुण मिळवूनही लंडनमधलाच प्रतिस्पर्धी चेल्सी पुढे राहिल्यामुळे विजेतेपद हुकले. पण चाहत्यांच्या मनात जे रुतून बसले आहे ते हे आकडे नव्हेत. दुसऱ्या क्लबांकडे उसना पाठवला जाणारा हॅरी केन त्यांच्या पहिल्याच हंगामात लीगमध्ये २१ गोल करतो, तिसऱ्या श्रेणीतल्या एमके डॉन्सकडून घेतलेला डेली अ‍ॅली पाहता पाहता इंग्लंडकडून खेळू लागतो, वॉकर आणि रोझ हे दोन्ही बाजूंचे बचावपटू देशातल्या सर्वोत्तमांत गणले जातात, हे सारे आम्ही आठवड्यागणिक घडताना पाहिले. विकत आणलेला तारा आणि डोळ्यांदेखत घडलेला खेळाडू यांत चाहत्याच्या लेखी फार मोठा फरक असतो. त्यातच २०१७ मध्ये व्हाइट हार्ट लेन हे क्लबचे जुने मैदान पाडले गेले आणि नवे मैदान तयार होईपर्यंत जवळपास दोन हंगाम संघाने घरचे सामने वेम्बलीवर खेळून काढले. २०१८ च्या उन्हाळ्यात क्लबने एकही खेळाडू विकत घेतला नाही. खेळाडू ठरावीक मुदतीतच विकत घेण्याचा नियम २००३ मध्ये लागू झाल्यापासून प्रीमियर लीगमध्ये असे कोणीच केले नव्हते. पुढच्या जानेवारीच्या मुदतीतही हात आखडताच राहिला. अशा अवस्थेत हा संघ २०१९ मध्ये चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या सर्वांत मोठ्या क्लब स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला.

ती उपांत्य लढत मी कशी पाहिली ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. ८ मे २०१९, अ‍ॅमस्टरडॅम. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजले होते. पहिली लढत आम्ही घरच्या मैदानावर एका गोलने हरलो होतो आणि मध्यंतराला अ‍ॅमस्टरडॅमचा अयाक्स संघ आणखी दोन गोलांनी पुढे होता. घरचे झोपलेले, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद, आणि मी उद्या कामावर जायचे आहे म्हणून उठायच्या बेतात होतो. मग लुकास मोराने ५५ व्या आणि ५९ व्या मिनिटाला गोल केले, आणि भरपाई वेळेच्या सहाव्या मिनिटाला तिसरा. दोन्ही लढतींचे एकूण गोल बरोबरीत सुटले, पण परक्या मैदानावरचे गोल जास्त असल्याने आम्ही अंतिम फेरीत गेलो. मी ओरडू शकत नव्हतो, म्हणून उशी तोंडावर दाबून धरली होती. वडील उठून बाहेर आले आणि कोणाला काही झाले का म्हणून विचारू लागले. पडद्यावर पोचेटिनो गवतावर गुडघे टेकून रडत होते. खरेदी थांबण्यापूर्वी क्लबने घेतलेला शेवटचा खेळाडू म्हणजे हाच लुकास. परतीच्या बाजूने बोलणारा जवळजवळ प्रत्येक जण मनातल्या मनात त्या रात्रीपाशी उभा असतो, आणि मीही त्याला अपवाद नाही.

पण त्या रात्रीच्या अलीकडे-पलीकडे काय चालले होते, याबद्दल आमची बाजू बोलायला तयार नसते. २० जानेवारी २०१९ रोजी फुलहॅमविरुद्ध अखेरच्या क्षणी मिळवलेला विजय हा पोचेटिनो यांच्या कारकिर्दीतला प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावरचा लीगमधला शेवटचा विजय ठरला. त्यानंतरच्या दहा महिन्यांत ते लीगचा एकही सामना बाहेर जिंकू शकले नाहीत. २०१८-१९ च्या हंगामात ३८ पैकी १३ सामने हरूनही चौथे स्थान टिकले, ते इतर संघही घसरले म्हणून. माद्रिदमधल्या अंतिम सामन्यात दुखापतीतून नुकताच सावरलेला केन सुरुवातीपासून खेळला आणि लुकास राखीव खेळाडूंत बसला. लिव्हरपूलने २-० असा विजय मिळवला. पुढच्या हंगामात चौथ्या श्रेणीतल्या कोलचेस्टरने लीग कप या देशांतर्गत स्पर्धेतून बाहेर काढले, जर्मनीच्या बायर्नने आमच्या घरच्या मैदानावर सात गोल केले, आणि १९ नोव्हेंबर २०१९ रोजी त्यांना काढून टाकले तेव्हा बारा सामन्यांत तीन विजयांसह संघ चौदाव्या स्थानावर होता. ‘खेळाडू घेऊन दिले नाहीत म्हणून संघ थकला’ हे आमचे उत्तर बरेचसे खरे आहे, पण पुरेसे नाही, कारण तोवर एंदोंबेले या मधल्या फळीतल्या खेळाडूला क्लबच्या विक्रमी किमतीला आणलेले होते आणि तरीही घसरण थांबली नव्हती. जुन्या खेळाडूंपर्यंत त्यांचा शब्द पोहोचेनासा झाला होता, असे मला त्या काळातले सामने पाहताना वाटत असे, आणि आजही तसेच वाटते.

विरोध करणाऱ्यांत एक मोठा गट चेल्सीमुळे दुखावलेला आहे. पोचेटिनो जुलै २०२३ मध्ये चेल्सीला गेले आणि त्याच नोव्हेंबरात त्यांचा संघ टॉटनहॅमच्या मैदानावर ४-१ असा जिंकला. आमचे दोन खेळाडू बाहेर काढले गेले होते आणि नऊ जण शेवटपर्यंत लढत होते. बाहेरच्या माणसाला यात एवढे काय असे वाटेल. पण ज्याने आमच्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर एका तालमीचा, म्हणजे इथल्या फुटबॉल संघाचा, खेळाडू पुढच्या हंगामात समोरच्या तालमीच्या जर्सीत उतरताना पाहिला आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. पोचेटिनो उपजीविकेसाठी काम करणारे व्यावसायिक आहेत, त्याआधी पॅरिस सेंट-जर्मेन क्लबकडेही होते, आणि २०२१ व २०२३ या दोन्ही वेळा टॉटनहॅमने दुसऱ्याच कोणाला नेमले, हे सारे मला मान्य आहे. तरीही चेल्सीच्या बाकासमोर उभे राहून खेळाडूंना सूचना देणारा तो माणूस पाहताना मला मनापासून वाईट वाटले होते, आणि ज्यांचा तो राग अजून गेलेला नाही त्यांना मी दोष देणार नाही.

दुसरा मुद्दा करंडकाचा. जानेवारी २०१९ मध्ये लीग कप आणि एफए कप अशा दोन्ही स्पर्धांतून बाहेर पडल्यावर, असे चषक जिंकून क्लबची पातळी बदलत नाही, अशा अर्थाचे ते बोलले होते. २००८ नंतर काहीच न जिंकलेल्या क्लबच्या चाहत्यांना ते बोलणे फार लागले. मग २१ मे २०२५ रोजी बिल्बाओमध्ये तेव्हाचे प्रशिक्षक अँजी पोस्टेकोग्लू यांच्या टॉटनहॅम संघाने मँचेस्टर युनायटेडला १-० ने हरवून युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या क्रमांकाची क्लब स्पर्धा जिंकली, आणि सतरा वर्षांनंतर कर्णधार सनच्या हातात करंडक दिसला. त्या हंगामात लीगचे ३८ पैकी २२ सामने हरून संघ वीस संघांत सतराव्या स्थानावर राहिला होता, आणि अंतिम सामन्यानंतर सोळाव्या दिवशी पोस्टेकोग्लू यांनाही निरोप मिळाला. माझ्या मते हा वाद खऱ्या अर्थाने चिघळला तो तेव्हापासून. तोवर ‘करंडक कुठे आहे’ असे विचारले की आमची बाजू गप्प बसत असे. आता करंडक मिळाला आणि तरी दर शनिवारी हरणारा संघ पाहणे किती जड जाते हेही सर्वांना कळले. एक गट म्हणतो की बिल्बाओची ती एक रात्र पाच वर्षांच्या चांगल्या खेळापेक्षा मोठी आहे. दुसरा म्हणतो की त्या पाच वर्षांत रविवारची वाट पाहावीशी वाटत होती. दोघेही स्वतःच्या आयुष्यातल्या वर्षांविषयी बोलत असतात, त्यामुळे कोणी कोणाला पटवू शकत नाही.

परतलेल्या प्रशिक्षकांची उदाहरणे दोन्ही बाजू फेकत असतात. मोरिन्हो २०१३ मध्ये चेल्सीला परतले, २०१५ मध्ये लीग जिंकले आणि त्याच डिसेंबरात काढले गेले. कीगन २००८ च्या जानेवारीत न्यूकॅसलला परतले आणि सप्टेंबरात निघून गेले. मला यांतले सर्वांत उपयोगी उदाहरण वेस्ट हॅमचे वाटते. २०१८ मध्ये डेव्हिड मोयेस यांचा करार क्लबने वाढवला नाही, डिसेंबर २०१९ मध्ये पुन्हा बोलावले, तेव्हा चाहत्यांत उत्साहाचा लवलेशही नव्हता, आणि २०२३ मध्ये त्यांनीच क्लबला युरोपीय करंडक मिळवून दिला. कोणीही जुने दिवस परत मागितले नव्हते, म्हणून त्यांना नवे काम करता आले. पोचेटिनो यांच्या वाट्याला ही मोकळीक येणार नाही, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. ‘त्यांना क्लब ठाऊक आहे’ हे आमच्या बाजूचे कारण मला पटत नाही ते यासाठी. त्यांना ठाऊक असलेला क्लब आता उरलेला नाही. केन २०२३ मध्ये बायर्नला गेला, सन २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला, आणि ज्या डॅनियल लेव्ही यांच्याशी त्यांचे नाते जमले आणि पुढे ताणले गेले, ते सप्टेंबर २०२५ मध्ये अध्यक्षपदावरून पायउतार झाले.

मग तरीही ते यावेत असे मला का वाटते? पोचेटिनो यांच्यानंतर टॉटनहॅमचे प्रशिक्षक झालेल्या मोरिन्हो आणि कोन्ते यांना तयार खेळाडू हवे होते, आणि ते पुरेसे मिळाले नाहीत तेव्हा दोघांच्याही काळात मैदानावरचा खेळ कोमेजत गेला. टॉटनहॅमने सर्वांत मोठ्या क्लबांच्या बरोबरीने पगार दिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. या क्लबला विशीतला मुलगा घेऊन त्याला चांगला करणाराच माणूस लागतो, आणि ते काम येथे सलग काही वर्षे करून दाखवणारा प्रशिक्षक मी या दशकभरात एकच पाहिला. २०२४ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे घेतली, म्हणजे खेळाडू विकत घेण्याची सोयच नसलेले काम त्यांनी पत्करले, याकडे मी आशेने पाहतो.

ते खरोखरच परतले, तर पहिल्या पत्रकार परिषदेत अ‍ॅमस्टरडॅमविषयी प्रश्न येतील, त्यांचे डोळे पाणावतील आणि माझेही पाणावतील. पण मला ऐकायचे आहे ते फुलहॅमच्या त्या सामन्यानंतरच्या दहा महिन्यांविषयी: तेव्हा त्यांचे स्वतःचे काय चुकले, आणि तोच प्रसंग पुन्हा आला तर कोणत्या खेळाडूला ते सहा महिने आधी निरोप देतील.