नऊ माणसांच्या दुकानाला सोशल मीडियाचे लेखी नियम कशाला हवेत?

तुमचं केकचं दुकान आहे, नऊ माणसं कामाला आहेत, सगळी घरच्यासारखी. एवढ्याशा धंद्यात लेखी नियम काढणं म्हणजे उगाच मोठ्या कंपनीचा आव आणणं नाही का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, नऊ माणसांच्या दुकानालाच त्यांची जास्त गरज असते.

मी नाशिकमध्ये लहान आस्थापनांची पीएफ, ईएसआयसी आणि कामगार कायद्याची कामं बघते. मोठ्या कारखान्यात स्थायी आदेश, म्हणजे नोकरीच्या अटींचे आणि शिस्तीचे लेखी नियम असतात, एचआरचा माणूस असतो. कुणाकडून काही वावगं झालं तर नोटीस, खुलासा, चौकशी असा क्रम ठरलेला असतो. दुकानात मालक असतो आणि त्याचा राग असतो. रात्री दहाला कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं आणि साडेदहाला एकाची नोकरी गेलेली असते.

एका पॅथॉलॉजी लॅबचं प्रकरण माझ्याकडे आलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने आपल्या वाढदिवसाला काउंटरवरच केक कापला आणि फोटो इन्स्टाग्रामच्या स्टोरीला टाकला. तिच्या खांद्यामागे संगणकाचा पडदा होता आणि त्यावर सकाळची नोंदणी उघडी होती. नाव, वय, मोबाइल नंबर आणि शेवटच्या रकान्यात कुठली तपासणी ते. फोटो मोठा केला की सगळं वाचता येत होतं. एका पेशंटच्या नात्यातल्या बाईंनी ते वाचलं, आणि जी गोष्ट पेशंटने घरातसुद्धा सांगितली नव्हती ती संध्याकाळपर्यंत भावकीत पोचली. डॉक्टरांनी मुलीला व्हॉट्सॲपवरच कळवून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस.

मग मला बोलावणं आलं. मी एवढंच विचारलं, काउंटरवर फोटो काढायचे नाहीत हे तिला कधी सांगितलं होतं का? नव्हतं सांगितलं. उलट लॅबच्या पेजसाठी रील काढायला तिलाच बसवायचे, त्याच काउंटरवर, त्याच पडद्यासमोर. आता चौकशी न करता काढलेल्या माणसाचा दावा कामगार न्यायालयात गेला तर मालकाची बाजू लंगडी पडते, हे मी डॉक्टरांना समजावलं. पण मला जास्त वाईट वाटलं ते त्या पेशंटचं आणि त्या मुलीचं. पेशंटचं नाव, रिपोर्ट किंवा संगणकाचा पडदा दिसेल असा फोटो काढायचा नाही, एवढी एक ओळ आधी लिहून दिली असती तर दोघी वाचल्या असत्या.

केकच्या दुकानात काय गुपित असणार, असं वाटू देऊ नका. तुमच्याकडे लहान मुलांची नावं, वाढदिवस, घरचे पत्ते असतात. खोक्यावरच्या डिलिव्हरीच्या लेबलसकट केकचा फोटो स्टोरीला गेला की मुलाच्या नावापासून फ्लॅट नंबरापर्यंत सगळं जगजाहीर. ग्राहकाची अशी माहिती सांभाळणं २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने व्यवसायाची जबाबदारी ठरवली आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतोय आणि सुरक्षेत ढिलाई झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तो आकडा बघून घाबरू नका, पण पोराने स्टोरी टाकली, माझा काय संबंध, असं म्हणून आता सुटता येणार नाही हे लक्षात घ्या.

याला दुसरीही बाजू आहे आणि मालक मंडळी ती हमखास विसरतात. कामाच्या वेळेबाहेर, स्वतःच्या अकाउंटवर माणूस काय बोलतो हा त्याचा प्रश्न आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टपायी अटक झाली होती. त्यावर देशभर गदारोळ झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २०१५ मध्ये ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुराला गुन्हा ठरवणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. याउलट डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, पगारवाढीच्या वादात कंपनीविरुद्ध भडकाऊ फेसबुक पोस्ट टाकणाऱ्या कामगाराची बडतर्फी योग्य ठरवली. या दोन टोकांच्या मध्ये नेमकी रेघ कुठे आहे हे तुमच्या काउंटरवरच्या मुलाला माहीत नसतं. निवडणुकीच्या दिवसांत त्याने एखाद्या पक्षाचा झेंडा डीपीला लावला तर चालेल का? दुकानाचा टी-शर्ट घालून सभेतला फोटो टाकला तर? माझ्या मते पहिलं चालायलाच हवं आणि दुसरं नको, कारण टी-शर्टवर तुमच्या दुकानाचं नाव आहे. पण हे तुम्ही शांत डोक्याने आधी ठरवायचं आहे, कुणी स्क्रीनशॉट पाठवल्यानंतर नाही.

पगार, सुट्ट्या, ओव्हरटाइम याबद्दल एकमेकांत बोलायचं नाही, असं कलम मात्र कधीही घालू नका. मी असे मसुदे पाहिले आहेत आणि ते खोडून परत दिले आहेत. कुणाच्या खासगी अकाउंटचा पासवर्ड मागायचा नाही, दुकानाची पोस्ट शेअर केलीच पाहिजे अशी सक्ती करायची नाही.

गूगलवर पाच तारे द्यायला आपल्याच माणसांना बसवणं तर सर्रास चालतं. गूगलच्या धोरणात हे बसत नाही. शिवाय केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी ज्या सूचना काढल्या, त्यांत नोकरीचं नातंसुद्धा उघड करायला सांगितलं आहे. मुलीने स्वखुशीने तुमच्या केकचं कौतुक केलं तर ‘मी इथे काम करते’ एवढं तिने लिहावं. वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

आता सगळ्यात जास्त भांडणं ज्यावरून होतात ते. दुकानाचं इन्स्टाग्राम सुरू कुणी केलं? बहुतेक ठिकाणी एखाद्या हुशार मुलाने, स्वतःच्या मोबाइल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर. तो सोडून गेला की पेजही त्याच्याबरोबर जातं, आणि वर्षानुवर्षं जमवलेले ग्राहक तिथेच ऑर्डरचे मेसेज टाकत राहतात. मुलाची नियत वाईट असते असं नाही, सिम बदललं की ओटीपी येत नाही, एवढंही पुरतं. म्हणून अकाउंट दुकानाच्या ईमेलवर, व्हॉट्सॲप बिझनेस दुकानाच्या सिमवर, गूगल प्रोफाइलवर मालक तुम्ही आणि तो मुलगा फक्त मॅनेजर. आणि रीलला सिनेमाचं गाणं लावायचं नाही. बिझनेस अकाउंटला त्या गाण्यांचा परवाना नसतो, आणि कॉपीराइटची नोटीस आली तर ती तुमच्या नावाने येते.

हे सगळं मराठीत दोन पानांत मावतं. इंटरनेटवरून उतरवलेला इंग्रजी मसुदा सही करायला पुढे केला तर तो कुणी वाचत नाही. दुपारी गर्दी नसताना सगळ्यांना बसवा, वाचून दाखवा, त्यांच्या हरकती ऐका. त्या ऐकून दोनचार ओळी नक्की बदलाव्या लागतील. चूक झाली तर आधी पोस्ट काढायला सांगू, मग खुलासा मागू, मगच कारवाई, हा क्रम त्यात लिहा. आणि कर्मचाऱ्यांचे फोटो दुकानाच्या पेजवर त्यांना विचारूनच टाकू, नोकरी सोडल्यावर त्यांनी सांगितलं तर काढून टाकू, असंही लिहा. शेवटी त्यांच्या सह्यांच्या वर तुमची सही करा आणि प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत द्या.